स्विफ्टचे मागचे ड्रम आणि वायपर आर्म: कामाची नोंद

गाडी दुसऱ्या पिढीची स्विफ्ट, पंधरा इंची अलॉय चाकं. अलॉयच्या फटींतून मागच्या ब्रेकचा गंजलेला ड्रम लगेच नजरेत भरतो. ड्रम बिडाचा, त्यात कोकणातला पाऊस आणि खारी हवा. त्यामुळे नव्या गाडीवरही लाल थर चढायला वेळ लागत नाही. हा गंज वरवरचा असतो, ब्रेकिंगला त्याची बाधा नाही. ड्रम रंगवण्याचं हे काम निव्वळ दिसण्यासाठी आहे, म्हणूनच ते करताना ब्रेकच्या कामात काडीचाही फरक पडता कामा नये.

आधी रंगाबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. दुकानात हीट रेझिस्टंट स्प्रे मागितला की बहुधा सायलेन्सरचा, 650 अंशांचा डबा हाती येतो. मोठा आकडा बघून तो घेऊ नका. हे सिलिकॉनचे रंग हाताला कोरडे लागतात, पण खरे पक्के होतात ते दोनशे अंशांच्या आसपास तापल्यावर. शहरात चालणाऱ्या गाडीचा मागचा ड्रम बाहेरून तेवढा तापतच नाही. रंग कच्चा राहतो आणि व्हील क्लीनर किंवा पेट्रोलचं फडकं लागलं की निघून येतो. उलट साधा ऑइल पेंट घाट उतरताना मऊ पडतो, पिवळा होतो. आम्ही कॅलिपरसाठी (डिस्क ब्रेकच्या पकडीसाठी) मिळणारा हार्डनरवाला, म्हणजे कडक करणारं द्रव मिसळायचा, ब्रशने लावायचा रंग घेतला. तो उष्णतेवाचून, रसायनाने कडक होतो. ड्रम जेमतेम आठ इंची. दोन्ही ड्रमांना दोन हात मारायला 50 मिली पुष्कळ होतो, त्यामुळे तेवढंच कालवा. हार्डनर पडल्यावर उरलेला रंग फुकट जातो.

जॅक लावण्याआधी गाडी सपाट जमिनीवर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, पहिला गिअर, आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले. मग जॅक, आणि जॅकिंग पॉइंटखाली स्टँड. नुसत्या जॅकवर कधीच नाही. त्यानंतर चाक काढून हँडब्रेक सोडा, म्हणजे ड्रम हाताने फिरवत सगळीकडून घासता येतो.

ड्रम उतरवायची गरज नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच बसवलेलं असतं. रंगासाठी ते उघडणं म्हणजे नसतं काम ओढवून घेणं.

घासायला ड्रिलवरचा तारेचा कप ब्रश, कोपऱ्यांत हाताचा तारेचा ब्रश, शेवटी 120 नंबरचा एमरी पेपर. चष्मा आणि मास्क हवाच. धूळ हवेने फुंकू नका. ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने टिपा. क्लीनर उडून गेल्यावर स्वच्छ फडकं पुन्हा फिरवा, ते पांढरं राहिलं पाहिजे. तेलाचा ओशटपणा राहिला तर रंगाला आधी फोड येतात, मग पापुद्रे सुटतात. खाली रेड ऑक्साइड (लाल गंजरोधक प्रायमर) मारायचा मोह टाळा: वरच्या रंगातलं सॉल्व्हंट त्याला उचलतं आणि सुरकुत्या पडतात.

मास्किंगला घासण्याइतकाच वेळ द्या. चाक जिथे टेकतं ती सपाट जागा कोरी राहिली पाहिजे, कारण तिथला रंग उष्णतेने आणि दाबाने चेपतो आणि नटांचा ताण कमी होतो. अलॉय उलटं धरून त्याची टेकायची जागा मोजा आणि ड्रमवर तेवढ्या व्यासाची टेप लावा. स्टडचे (चाकाचे नट बसतात त्या बोल्टांचे) आटे, मधला गोल, ड्रम आणि मागच्या पत्र्यातली फट, एबीएस सेन्सरची वायर हेही झाका. फटीत रंग ओघळला तर ड्रम पत्र्याला चिकटतो.

पहिला हात पातळ, दुसरा साधारण अर्ध्या-पाऊण तासाने. नेमकी वेळ डब्यावर असते आणि ती पाळायचीच. जाड एकच हात मारला की खालच्या कडेला ओघळ जमतात. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. रंगाची निवड ज्याची त्याची, पण आमच्या मते काळाच. लाल ड्रम लांबून नकली कॅलिपरसारखा दिसतो.

चाक चढवताना मधल्या गोलावर कॉपर ग्रीसचं बोट फिरवलं, स्टडच्या आट्यांवर अजिबात नाही; आटे बुळबुळीत झाले की त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) नट जास्त ओढला जातो. नट समोरासमोरचे आलटून-पालटून, मॅन्युअलमधल्या टॉर्कला, आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासायचे. निघण्याआधी हँडब्रेक ओढून बघा.

दुसरं काम वायपर आर्मचं. उन्हाने ते राखाडी पडतात आणि पुढून गाडी म्हातारी दिसते. इथे हीट पेंट मुळीच नको, कारण तो तापणारच नाही. काचेवर पातीच्या जागी टेप लावून खूण करा, नट काढा, आर्म हलवत-हलवत सोडवा. स्क्रूड्रायव्हरने उचकटायला गेलात तर खालचं प्लास्टिक मोडतं. काचेवर जाड टॉवेल हवा. स्प्रिंगचा आर्म सुटून आपटला तर काच तडकते. 400 नंबरचा पेपर, एपॉक्सी प्रायमर, वर सॅटिन ब्लॅक ॲक्रिलिकचे तीन हलके फवारे. फवारताना सांधा आणि स्प्रिंग झाकलेली हवी, नाहीतर पात्याचा काचेवरचा दाब घटतो आणि पाणी नीट निघत नाही.

हेडलाइट बाकी आहेत. 800 ते 3000 नंबरपर्यंत ओला पेपर आणि पॉलिश सोपं आहे, पण मूळ थर निघाल्यावर वर यूव्ही क्लिअर (उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर) हवाच. तो मारला नाही तर काही महिन्यांत पिवळेपणा परततो, म्हणून चांगला क्लिअर हाती येईपर्यंत पेपर लावणार नाही.