शेवटी त्याला बदललंत कशाला?

हा प्रश्न घेऊन येणारा माणूस तोंड उघडायच्या आधीच ओळखू येतो. जरा हिरमुसलेला असतो आणि आपण लेखिकेची चोरी पकडली याचा त्याला थोडा आनंदही झालेला असतो. तुमच्या नाटकात दोन अंकभर मुलीला मुठीत ठेवणारा बाप शेवटच्या पाच मिनिटांत कपाटाची किल्ली टेबलावर ठेवतो आणि ‘चुकलं माझं’ म्हणतो, हे तुम्हाला स्वतःला तरी पटलं का?

नाही पटलं. घ्या, सांगून टाकलं.

पण हेही ऐका. मूळ संहितेत तो बदलत नव्हता. तालमी सुरू झाल्या तेव्हा मला रोज उलटा प्रश्न विचारला जात होता: हा बदलत का नाही? ‘ग्राफ सपाट आहे,’ दिग्दर्शक म्हणायचे. पात्राला ग्राफ हवा, म्हणजे ते नाटकभरात बदलत जायला हवं, हे आपल्याकडे इतकं मुरलंय की सपाट ग्राफ म्हणजे लेखकाचा आळसच. मी तेव्हा तावातावाने भांडले होते. जुन्या ग्रीक नाटकातला राजा ईडिपस कुठे बदलतो? आपणच बापाला मारून आईशी लग्न केलंय, हे त्याला कळतं. कळणं आणि बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅरिस्टॉटलने त्या नाटकाचं कौतुक केलं ते सत्य उमगणं आणि दैव उलटणं एकाच क्षणी घडतं म्हणून. तो राजा आधी हट्टाने खोदत राहतो आणि कळल्यावर तितक्याच हट्टाने स्वतःचे डोळे फोडून घेतो. स्वभाव तोच. जर्मन नाटककार ब्रेख्तचं उदाहरणही मी तोंडावर फेकलं होतं. युद्धावर पोट भरणारी त्याची मदर करेज एकेक करून तिन्ही मुलं गमावते आणि शेवटी पुन्हा स्वतःला मालाच्या गाडीला जुंपून घेते. 1941 साली झुरिकमध्ये लोकांना तिची दया आली, म्हणून बर्लिनच्या 1949 च्या प्रयोगासाठी त्याने काही प्रवेश बदलून तिला आणखी कठोर केलं. तिला शहाणपण सुचावं ही त्याची अपेक्षाच नव्हती, शहाणं व्हायचं ते बघणाऱ्याने.

छान बोलले होते. पंधरा दिवसांनी माफीचा प्रवेश लिहून दिला.

त्यावर माझं ठरलेलं उत्तर होतं: नॉर्वेचा नाटककार इब्सेन, त्यानेही शेवट बदलून दिला होता. त्याच्या ‘अ डॉल्स हाउस’ची नायिका नोरा घर सोडून जाते तो शेवट करायला 1880 मध्ये जर्मनीतल्या एका अभिनेत्रीने नकार दिला, मी माझ्या मुलांना सोडून जाणार नाही म्हणाली. तेव्हा इब्सेनने स्वतःच दुसरा शेवट लिहिला: नवरा नोराला झोपलेल्या मुलांच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच कोसळते. फक्त एक गोष्ट मी सांगायची टाळत असे. आपण नाही लिहिला तर दुसरा कुणीतरी मोडतोड करेल, अशी त्याची अडचण होती, कारण कायद्याचं संरक्षण नव्हतं. शिवाय आपल्याच शेवटाला त्याने रानटी अत्याचार म्हटलं होतं. माझ्या नाटकाला कायद्याचं पूर्ण संरक्षण होतं. मला फक्त प्रयोग व्हायला हवा होता.

आता एका प्रयोगाच्या रात्रीचं. किल्लीची सवय पहिल्या अंकापासून आहे. बाप काही मागत नाही, बोलणं चालू ठेवून नुसता उजवा तळहात पुढे करतो. मुलगी कमरेची किल्ली काढून त्यावर ठेवते. असं चार वेळा होतं. पाचव्यांदा, म्हणजे नव्या शेवटात, किल्ली त्याच्याकडे असते. तो ती टेबलावर ठेवतो, माफी मागतो, ती किल्ली उचलते, अंधार. दिवे घालवायचा क्यू, म्हणजे इशारा, तिच्या उचलण्यावर.

विसावा-बाविसावा प्रयोग असेल. ‘चुकलं माझं’ झालं. तिने किल्ली उचलायला हात नेला आणि त्याच क्षणी नटाचा उजवा तळहात पुढे आला. नुसती सवय, इतक्या प्रयोगांची. ती थबकली. मग किल्ली उचलून तिने सरळ त्याच्या तळहातावर ठेवली. प्रकाशयोजनेवरचा मुलगा गोंधळला. हे उचलणं धरायचं की नाही? त्याने दिवे तसेच ठेवले. दोघं उभी. दहा सेकंद असतील, विंगेत मला दहा मिनिटं वाटली. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं, एकच जण. मग नटाने किल्ली खिशात टाकली आणि अंधार झाला.

टाळ्या आल्या, पण उशिरा आणि विस्कळीत. मेकअप रूममध्ये दिग्दर्शक सगळ्यांवर बरसले. नट पुन्हापुन्हा माफी मागत होता, आणि या खऱ्या माफीत त्याचा आवाज नाटकातल्यापेक्षा कितीतरी कोरडा होता, हे मी तेव्हाही टिपलं. (लेखक म्हणून माझ्यात एवढा निर्लज्जपणा आहे.) मला सांगायचं होतं की आज पहिल्यांदा माझं नाटक झालं, हाच शेवट ठेवा. सांगितलं नाही. पुढचे चार प्रयोग ठरलेले होते. मी कोपऱ्यात पाणी पीत बसले. दुसऱ्या दिवशी किल्ली पुन्हा टेबलावर.

मुलीचं काम करणारीला नंतर एकदा विचारलं, तू त्याच्या हातावर का ठेवलीस? तुला उचलून घ्यायची होती. ती म्हणाली, ‘हात पुढे आला ना, ताई.’

इतकी वर्षं मी बापाच्या ग्राफवर भांडले, आधी तो नसावा म्हणून आणि नंतर आहे त्याचं समर्थन करायला. मुलगी मात्र दुसऱ्या अंकात घर सोडायची भाषा करते म्हणून मी बदललेली धरून चालले होते. तिच्या बदलाचा पुरावा काय, तर तिची वाक्यं, आणि वाक्यं मीच दिलेली. रंगमंचावर पात्र बदलल्याचं कळतं ते हातावरून, हे मी शिबिरांतून सांगत फिरते.

मग त्या रात्रीचा शेवट खरा, असं म्हणावं तर तेही जमत नाही. माफीच्या प्रयोगानंतर एक वयस्क बाई माझा हात धरून बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या होत्या. त्या बाई एका खोट्या शेवटासाठी हात धरून उभ्या होत्या असं म्हणायची माझी हिंमत नाही. आणि कधी वाटतं, माणसं बदलत नाहीत हे माझं मतच सोयीचं आहे. ते धरलं की माफीचा प्रवेश चांगला लिहायची जबाबदारी टळते. कदाचित मी तो वाईट लिहिला, एवढंच.

छापील संहितेत माफीचाच शेवट आहे. परवानगी मागणाऱ्या संस्थांना मी सोबत जुन्या शेवटाचं एक जादा पान पाठवते, खाली लिहिते की कुठला केलात ते कळवायची गरज नाही. तरी तिघांनी कळवलं. तिघांनीही माफीचा केला.