आमची वाटचाल : टॅक्सीच्या गॅरेजपासून डेलकोच्या कामापर्यंत

लालबागला वडिलांनी गॅरेज टाकलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे टॅक्सीवाले आणि गाडी म्हणजे फियाट, नंतर तीच पद्मिनी झाली. गाडी बनायची इथेच कुर्ल्याला, त्यामुळे पार्ट कुठेही मिळायचे, आणि टॅक्सीवाल्याला गाडी लगेच परत हवी असायची कारण उभी गाडी म्हणजे बुडालेला धंदा. म्हणून बऱ्याच ठिकाणी पद्धत अशी होती की गाडी मिसिंग मारतेय म्हटलं की पॉइंट, कंडेन्सर, प्लग, म्हणजे ठिणगीचे पार्ट, सगळं एकदम बदलून टाकायचं. वडिलांना ते अजिबात पटायचं नाही. आधी बघायचं, मग पाना उचलायचा, आणि आमचं नाव झालं ते याच्यावरच.

बघायचं म्हणजे काय, तर डेलकोची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, कॅप काढून उजेडात धरायची. आत बारीक काळी रेघ दिसली तर करंट तिथून पळतोय, अशी गाडी पावसाळ्यात सकाळी दमवते. मग पॉइंट, म्हणजे डेलकोच्या आत करंट जोडणारी-तोडणारी जोडी. एका बाजूला खड्डा आणि समोर तेवढाच उंचवटा असेल तर बऱ्याचदा दोष पॉइंटला जळण्यापासून वाचवणाऱ्या कंडेन्सरचा असतो, नुसता पॉइंट बदलला तर नवाही तसाच जळणार. गाडी थंड असताना मस्त चालते, गरम झाली की बंद पडते आणि थोडं थांबलं की परत चालू, तर बॅटरीचे व्होल्ट वाढवून ठिणगी देणारी कॉइल नाहीतर कंडेन्सर, आणि कॉइल मोजायची ती गरम असतानाच, थंड कॉइल मीटरवर नेहमी शहाणीच दिसते. १२ व्होल्टच्या साध्या कॉइलची प्रायमरी, म्हणजे बॅटरीकडची आतली तार, ३ ओहमच्या आसपास यायला हवी.

पुढे टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा इग्निशनचं काम एकदम वाढलं. गॅसला पेट्रोलपेक्षा जोरदार स्पार्क लागतो, त्यामुळे पेट्रोलवर चालून जाणारी जुनी प्लग वायर किंवा डेलकोच्या कॅपखाली फिरणारा रोटर तडकलेला असला तर तो गॅसवर लगेच उघडा पडायचा. ते दिवस चांगले होते. पण टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, गाडी बनणं कधीच थांबलेलं, दरवर्षी गाड्या कमी होत गेल्या आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी पूर्ण गेली. वडिलांना त्याचं फार लागलं, मलाही.

गॅरेज टिकलं ते घरच्या गाड्या जपणाऱ्या लोकांमुळे. आजोबांची पद्मिनी, वडिलांची अँबॅसिडर, विकायची नाही म्हणून ठेवलेली. या लोकांची तक्रार एकच, पॉइंट किती वेळा बदलले तरी गाडी एकसारखी चालत नाही. एक तर आता मिळणाऱ्या बऱ्याच पॉइंटची शाफ्टवर घासणारी टाच लवकर झिजते, टाच झिजली की पॉइंटमधला गॅप कमी होतो आणि ठिणगीचं टायमिंग मागे जातं, गाडी उचलत नाही. पण खरा आजार बहुतेक वेळा खाली, शाफ्ट ज्यात फिरतो त्या बुशमध्ये असतो. डेलकोचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा, प्ले, म्हणजे ढिलाई, असेल तर शाफ्टवरच्या पॉइंट उघडणाऱ्या चार कॅमवर चार वेगळे गॅप येतात, एकावर ०.४५ मिमी लावला तर समोरच्यावर ०.३० निघतो, मग पॉइंट कितीही चांगला टाका काय फरक पडणार? हे काम कोणी करत नव्हतं म्हणून भावाने लेथ घेतला, गनमेटलचे बुश आम्हीच काढतो, वेगाप्रमाणे टायमिंग बदलणारी आतली वजनं साफ करतो, स्प्रिंगा बघतो, आणि चारही कॅमवर गॅप सारखा आल्याशिवाय डेलको बाहेर देत नाही. आता कोल्हापूर, नाशिक, गोव्याहून डेलको कुरियरने येतात.

पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट टाकू का असं सगळे विचारतात. रोज गाडी वापरत असाल तर जरूर टाका, पण बुश आधी करून घ्या आणि कॉइल किटला चालेल तेवढ्या ओहमचीच घ्या, नाहीतर किट जळतं.

डेलको पाठवणार असाल तर काढण्याआधी रोटर कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो काढा, बॉडीवर आणि इंजिनवर समोरासमोर खूण करा, मग काढल्यावर इंजिन फिरवू नका. वायरींना टेप लावून नंबर टाका, पद्मिनीची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ आहे. आणि कॅप, रोटर दोन्ही सोबत पाठवा, नुसती बॉडी पाठवली तर आम्हाला अर्धंच कळतं.