सरळ रेषेचे दहा सेकंद

निपाणीतल्या एका लहान रुग्णालयात मी भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो; दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया आमच्याकडे नेहमीचीच. त्या दिवशी टेबलावर विड्या वळणाऱ्या, ४८ वर्षांच्या एक मावशी होत्या. नाडी दाखवणारा चिमटा लावण्यासाठी तंबाखूने तपकिरी झालेले त्यांचे बोट स्पिरिटने पुसत असताना त्यांनी विचारले, ‘‘डॉक्टर, मला जाग येणार न्हवं?’’ मी म्हणालो, ‘‘येणार, मावशी.’’

भूल नीट लागली, नाडी ७८ होती. सर्जननी बेंबीपाशी सुई घालून कार्बन डायऑक्साइड सोडायला सुरुवात केली. पोट फुगू लागले तसतसे मॉनिटरच्या दोन टिकांमधले अंतर वाढत गेले. मी मान वर केली तेव्हा आकडा ३८ होता, आणि पाहता पाहता पडद्यावर सरळ रेषा उमटली. ‘‘गॅस थांबवा, आतला सगळा सोडून द्या!’’ असे ओरडून मी छाती दाबायला घेतली, आणि सिस्टरनी भरून ठेवलेले ०.६ मिलिग्रॅम अट्रोपिन, म्हणजे हृदयाचे ठोके वाढवणारे औषध, शिरेत दिले. सुमारे दहा सेकंदांनी पहिला ठोका परतला.

पोटाच्या आतल्या अस्तराला, म्हणजे उदरावरणाला, एकाएकी ताण बसला की त्याची वर्दी मज्जातंतूंवाटे मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राकडे जाते आणि तिथून व्हेगस मज्जातंतू हृदयाला आवरते घ्यायला लावतो. हृदय निरोगी असले तरी हे घडू शकते, आणि ताण काढून घेणे हाच त्यावरचा पहिला उपाय असतो.

नाडी स्थिरावल्यावर आम्ही पुन्हा सुरुवात केली, पण या वेळी गॅस अगदी सावकाश सोडला आणि पोटातला दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या वर जाऊ दिला नाही. काही मिनिटांत उलटेच चित्र दिसले: रक्तदाब १५८/९६ वर गेला. फुगलेल्या पोटामुळे व्हासोप्रेसिन आणि अ‍ॅड्रेनलिनच्या जातीची संप्रेरके रक्तात वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. एकाच पोटाने अर्ध्या तासात हृदयाला आधी थांबवले आणि मग राबवले, हे इतक्या जवळून मी पूर्वी पाहिले नव्हते. भूल थोडी गहिरी केल्यावर रक्तदाब उतरला आणि पित्ताशय सुखरूप निघाले.

संध्याकाळी त्यांच्या मुलाला मी काहीही न लपवता सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘‘पोटात कळ आली की आईला दरदरून घाम सुटून डोळ्यांपुढं अंधारी यायची. ते बी ह्यातलंच व्हय, डॉक्टर?’’

बहुधा त्यातलेच. भूल देण्याआधीच्या तपासणीत मी दमा, मधुमेह, पूर्वीची ऑपरेशने, सगळे विचारले होते. कळ येते तेव्हा अंधारी येते का, एवढेच विचारले नव्हते. घरी जाण्याआधी मी मावशींच्या केसपेपरवर तांबड्या शाईने ती नोंद केली.