हे खरे आहे काय?

शाळेच्या अमृत महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा फोन आला तेव्हा मी म्हटलं, अहो, मी कुणी मोठा झालेलो नाही. विधिमंडळ सचिवालयात प्रतिवेदक होतो, आता निवृत्त आहे. पलीकडून प्रश्न आला, "प्रतिवेदक म्हणजे काय हो?" सभागृहात गोंधळ चालू असताना मधल्या टेबलाशी मान खाली घालून काही माणसं भराभर लिहीत असतात, ती. आमदार-मंत्री बोलतील ते लघुलिपीत टिपायचं, आपली पाळी संपली की उठायचं आणि ते टंकून द्यायचं. एवढंच काम, पण आयुष्य त्यात गेलं.

त्याची सुरुवात पाचवी 'ब'च्या वर्गातली. मराठीच्या बाई दर शनिवारी श्रुतलेखन घालायच्या आणि वाक्य एकदाच सांगायच्या. "बाई, परत सांगा ना" म्हटलं की, "कान घरी ठेवून आलास का रे?"

आम्ही गोरेगावला चाळीत राहायचो. नळाला पहाटे पाणी यायचं आणि उजाडायच्या आत जायचं. आई रात्रीच हंडा-कळशी रांगेत लावून यायची. गोरेगावात तेव्हा पाणी म्हटलं की मृणाल गोरे. १९६१ साली त्या महापालिकेवर निवडून आल्या आणि पाण्यासाठी अशा भांडल्या की 'पाणीवाली बाई' हेच नाव पडलं. राष्ट्र सेवा दलाच्या कामापायी त्यांनी डॉक्टरकीचं शिक्षण सोडलं होतं, १९५८ मध्ये पती बंडू गोरे गेले, हे मला फार उशिरा कळलं. आईला सगळं ठाऊक होतं. चाळीतल्या बायकांना आमदार-नगरसेवकांची कुंडली पाठ असायची.

१९७२ हे दुष्काळाचं आणि महागाईचं वर्ष. त्याच वर्षी मृणालताई आमदार झाल्या. अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायकांबरोबर त्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि लाटणं घेऊन बायका रस्त्यावर आल्या. आमच्या घरात लाटणं एकच. ते आईच्या पिशवीतून मोर्चाला गेलं, म्हणून त्या रात्री आम्ही नुसता आमटी-भात जेवलो. 'माझी आई' या निबंधात मी ऐटीत लिहिलं, 'माझी आई लाटणे घेऊन सरकारकडे गेली.' बाईंनी लाल शाईने समासात लिहिलं, 'कशासाठी गेली? काय मागितले? काय मिळाले?' गुण दहापैकी चार. मला तेव्हा राग आला होता.

पुढची वर्षं भरभर गेली. आणीबाणीत ताई भूमिगत झाल्या, मग तुरुंगात. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून खासदार झाल्या. "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात" असं ओरडत आम्ही पोरं गल्लीभर फिरलो (दिल्लीवाली बाई म्हणजे निवडणूक हरलेल्या इंदिरा गांधी), ते बघून वडिलांनी दहावीची आठवण करून दिली. चपलेने.

मी १९८४ साली सचिवालयात लागलो. नरिमन पॉइंटची विधानभवनाची इमारत तेव्हा नवीच होती. लघुलिपीत स्वर बहुतेक गाळतात. सुरुवातीलाच मी एकदा 'मुदत'चं 'मदत' करून ठेवलं. कर्जफेडीला मुदत देऊ, असं म्हणणारे मंत्री माझ्या कागदावर थेट मदतच देऊन बसले. वरिष्ठ म्हणाले, "तिजोरी उघडलीत की हो तुम्ही!" कागद पुढे जायच्या आत दुरुस्त झाला, पण दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

१९८५ साली मृणालताई पुन्हा विधानसभेत आल्या. मोर्च्यातल्या बाई आईने पाहिल्या होत्या, कागदावरच्या मी पाहिल्या. आमदारकी म्हणजे भाषण, असं लोकांना वाटतं. खरी मेख तारांकित प्रश्नात असते, म्हणजे आमदाराने आधी लेखी दिलेल्या आणि मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नात. 'हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?' हा त्याचा ठरलेला साचा. प्रश्न ढिला असला की खात्याकडून उत्तर येतं, 'हे खरे नाही', आणि खालच्या सगळ्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही'. फारच अडचण झाली तर 'अंशतः खरे आहे'. त्या साच्यातले प्रश्न टंकताना पाचवीतला समास आठवायचा. बाईंनी चारच गुण का दिले, ते मला इथे कळलं.

अशासकीय विधेयकांचा वार शुक्रवार. सरकारचं नव्हे, तर एखाद्या आमदाराने स्वतः मांडलेलं ते अशासकीय विधेयक. दुपारनंतर बाकं रिकामी होत जायची, कारण पुष्कळांचं लक्ष गावाच्या गाडीकडे. अशी विधेयकं बहुधा मंत्र्यांच्या आश्वासनावर मागे घेतली जातात आणि मग विसरली जातात. गर्भलिंगचाचणीला आळा घालणारं विधेयक मृणालताईंनी १९८६ मध्ये आणलं ते असंच, अशासकीय. बाहेर स्त्री संघटनांनी आणि डॉक्टरांनी विषय लावून धरला होता. १९८८ मध्ये महाराष्ट्राने तसा कायदा केला, देशात पहिल्यांदा. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडलं. पुढे ताई विरोधी पक्षनेत्याही झाल्या, पण माझ्या लेखी ते विधेयक त्याहून मोठं.

संध्याकाळी घरी गेलो की आई विचारायची, "आज बाई बोलल्या का?" मी हो म्हटलं की लगेच, "पाण्याचं काही?" कायद्याचं सांगायला लागलो की ती ऐकायची, मान हलवायची आणि पुन्हा पाण्यावर यायची. २०१२ च्या जुलैत ताई गेल्या, तेव्हा आई नव्हती.

आता शाळेला एक विनंती. आठवी-नववीच्या मुलांना अधिवेशनात प्रेक्षक गॅलरीत घेऊन या. पासासाठी आपल्या आमदारांना पत्र द्या. आणण्याआधी प्रत्येकाकडून आपल्या वॉर्डाबद्दल एक प्रश्न लिहून घ्या, 'हे खरे आहे काय'पासून सुरू होणारा. आणि जमल्यास शुक्रवारी दुपारी आणा. बसायला भरपूर जागा असते.