तिळाचं तेल

इस्रायलमधल्या रामला गावात एका वृद्धाश्रमात मी परिचारिका आहे. हिवाळ्यातला शुक्रवार म्हणजे नुसती धावपळ. पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो आणि शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा यहुदींचा विश्रांतीचा दिवस, लागण्यापूर्वी सगळ्यांच्या आंघोळी, गोळ्या, धुतलेले कपडे उरकायचे असतात. त्या दिवशी एका खोलीतून चढे आवाज आले.

खिडकीकडच्या खाटेवर नागावच्या आजी, आमच्यातल्या, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी. दाराकडच्या खाटेवर तीन दिवसांपूर्वी आलेल्या कैरोच्या आजी, यहुदींमधल्याच कराई पंथाच्या. कराई फक्त तनाख मानतात, म्हणजे तोरा (मोशेची पाच पुस्तकं) आणि हिब्रू बायबलमधली बाकीची पुस्तकं. मिश्ना आणि तालमूद हे रब्बींचे, म्हणजे यहुदी धर्मगुरूंचे, नियमग्रंथ त्यांना बंधनकारक नाहीत. नागावच्या आजींनी मेजावर दोन दिवे मांडले होते आणि कैरोच्या आजी म्हणत होत्या, शब्बाथला माझ्या खोलीत आग नको.

"दिवा लावायलाच हवा आजी, तसा नियम आहे," मी म्हणाले.

"कुठल्या ओळीत लिहिलाय? दाखव, पोरी."

मला दाखवता येईना. तोरेत आहे ते निर्गम या पुस्तकाच्या ३५व्या अध्यायातलं एक वाक्य, शब्बाथच्या दिवशी घरातल्या आगीबद्दलचं. त्यातलं क्रियापद रब्बी 'पेटवू नका' असं वाचतात, म्हणजे सूर्यास्ताआधी लावलेला दिवा चालतो. कराई तेच 'जळू देऊ नका' असं वाचतात. आणि दिवा लावताना आपण म्हणतो, 'ज्याने आम्हाला शब्बाथचा दिवा लावण्याची आज्ञा केली'. ती आज्ञा तोरेत कुठेच नाही. मी हा आशीर्वाद लहानपणापासून म्हणत आलेय, आणि हे मला त्या दिवशी जाणवलं.

आमच्याकडे प्रार्थना चालवणाऱ्या काकांना गाठलं. त्यांनी मिश्ना उघडली, इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेली. त्यातल्या 'शब्बाथ' नावाच्या भागाचा दुसरा अध्याय: दिवा कशाने लावावा? एक रब्बी म्हणतात, फक्त ऑलिव्हच्या तेलाने. बाकीचे विद्वान इतर तेलांनाही परवानगी देतात, आणि त्यांच्या यादीत पहिलं नाव तिळाच्या तेलाचं!

माझा गळा दाटून आला. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मिश्ना त्यांनी पाहिली नव्हती, हनुका हा दिव्यांचा सण त्यांना ठाऊक नव्हता. पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले ते जहाज फुटलं तेव्हा पोथ्याही बुडाल्या, असं आमच्यात सांगतात. तरी शनिवार पाळला, मुलांची सुंता केली, बिनखवल्याचा मासा घरात आणला नाही. पुढे इथे आल्यावर, लग्नं आणि घटस्फोट रब्बींच्या नियमाने झाले का, अशी शंका आमच्यावरच घेतली गेली. १९६४मध्ये संसदेने आम्हाला सर्वार्थाने यहुदी म्हटलं, तोवर किती अपमान गिळावे लागले! लिहिलेलं तेवढंच धर्मशास्त्र, हे मला कधीच पटणार नाही. तसं असतं तर आम्ही उरलोच नसतो.

खोलीत परतले तर कैरोच्या आजी विचारत होत्या, "पुस्तकच नव्हतं, तर शनिवार कसा कळायचा?"

"सासूने सांगितलं. तिला तिच्या सासूने."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्यातही आहे ते. आम्ही त्याला वारशाचं ओझं म्हणतो. फक्त ते तोरेच्या विरुद्ध जाता कामा नये."

नागावच्या आजींनी स्वतःच दिवे उचलले. मी त्यांना जेवणघरात नेलं. तिथे त्यांनी वाती लावल्या, डोळे हातांनी झाकले, आशीर्वाद म्हटला. मग वॉकर टेकत त्या अंधाऱ्या खोलीत परत आल्या आणि कैरोच्या आजींच्या खाटेवर, पायथ्याशी बसल्या. मी दार अर्धं लोटून घेतलं.