मुक्ताईच्या पालखीत पोरांना नेताना

मुक्ताईनगरहून निघालेली मुक्ताईची पालखी महिनाभर चालते. मलकापूर, मोताळा, राजूर घाट चढून बुलढाणा, मग जालना-बीड करत पंढरपूर. आमच्या दिंडीत निरीक्षणगृहातून (गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन पोरांना ठेवतात तिथून) सुटलेली पोरं असतात आणि त्यांच्या जोडीला शिक्षा भोगून आलेली माझ्यासारखी माणसं.

तयारी कागदांपासून. ज्याची केस चालू आहे त्याची तारीख वारीत पडते का ते बघायचं, बाल न्याय मंडळाची लेखी परवानगी आणि पालकाची सही घ्यायची. झेरॉक्स पोराच्या पिशवीत, मूळ कागद आमच्याकडे. पोरांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि कौतुकाच्या भरात भले लोकच तो करतात.

एका माणसामागे एकच पोरगा, फार तर दोन. चार जण एकत्र चालू लागले की जुना म्होरक्या परत उभा राहतो.

पहिले तीन-चार दिवस अवघड. गुटखा सुटलेला असतो, झोप नाही, डोकं धरतं. टँकरपाशी नाहीतर चार्जिंगच्या बोर्डापाशी हमखास भांडण. तेव्हा उपदेश नको. लवंग-बडीशेप द्यावी, साखर-मिठाचं पाणी पाजावं (लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ) आणि हाताला काम द्यावं. माझ्या मते राहुटीचं काम सगळ्यांत चांगलं. वारं बघून दार उलट्या अंगाला, खुंटीचं डोकं बाहेर झुकलेलं, दोरी ताणलेली, भोवती वीतभर खोल चर. चर उथळ राहिली की रात्री सगळी दिंडी भिजते. पोरगं स्वतःच फावडं घेऊन उठतं, कोणी हाक मारावी लागत नाही.

त्याने काय केलं होतं, हे कधीच विचारू नये. चालताना नजर समोरच्या रस्त्यावर असते, त्यामुळे तो आपणच बोलू लागतो. उलट तोच विचारतो, "दादा, आत कोण कोण होतं?" इथे आमच्यातलेच बरेच घसरतात. मारामाऱ्यांच्या कहाण्या सांगितल्या की त्याच्या डोळ्यांत आपण भाई होतो. सांगायचं ते तुरुंगातल्या भेटीच्या खिडकीपलीकडच्या आईबद्दल, वकिलाच्या फीसाठी विकलेल्या गाईबद्दल, सुटल्यावर खोली भाड्याने न मिळण्याबद्दल.

खरा धोका पंढरपुरानंतरच्या आठवड्यात. गाव तेच, कट्टा तोच, आणि दिवस रिकामा. आयटीआयचे अर्जही याच हंगामात असतात, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला निघण्याआधीच गोळा करतो. दहावी नापास असला तरी काही ट्रेडना प्रवेश मिळतो. दहावीच करायची असेल तर 17 नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म. ते नसेल तर गॅरेज किंवा वेल्डिंगच्या दुकानात बोलणी आधी झालेली हवीत, आणि मालकाला पोराच्या परवानगीशिवाय केस सांगायची नाही. पुढचे तीन महिने आठवड्यातून एकदा घरी जाऊन भेट, फोनवर नाही. फोनवर सगळं ठीकच चाललेलं असतं.