मॅग्डा नाखमानची चित्रं : शोध कुठवर आला

चित्रकार मॅग्डा नाखमानचं असू शकेल असं, दादरच्या एका घरातलं पोर्ट्रेट बघून आलो. पेस्टल (कोरड्या, खडूसारख्या रंगांचं चित्र), आठ-नऊ वर्षांची मुलगी, १९४०च्या दशकातलं. घरातल्या आजी म्हणाल्या, "ताईला त्या रशियन बाईंकडे बसायला न्यायचे." सही कोपऱ्यात आहे, पण माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, बरीचशी गेलीय, दिसतो तो फक्त ‘एम’. ‘एम’ने सुरू होणारे चित्रकार मुंबईत पायलीला पन्नास, तेव्हा पेढे एवढ्यात नाहीत.

नव्यांसाठी थोडक्यात. मॅग्डा १८८९ची, सेंट पीटर्सबर्गची. वडील ज्यू, आई लुथेरन. बाक्स्त आणि पेत्रोव्ह-वोदकिन या रशियन चित्रकारांच्या हाताखाली शिकली. कवयित्री मरीना त्स्वेतायेवाचं तिने केलेलं १९१३चं पोर्ट्रेट रशियात टिकलं. बर्लिनमध्ये १९३३ साली काढलेल्या लेखक नाबोकोव्हच्या चित्राचं मूळ मात्र गायब आहे. नवरा क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य. हिटलर आल्यावर दोघं जर्मनीतून निघाले आणि शेवटी मुंबईत स्थिरावले. १२ फेब्रुवारी १९५१ला, स्वतःच्या प्रदर्शनाचं उद्घाटन काही तासांवर असताना, ती इथेच गेली. १९५४मध्ये आचार्यही गेले, हलाखीत. मूलबाळ नाही. त्यामुळे ‘आमच्या आजीची चित्रं कुठायत’ असं विचारणारं कोणी उरलं नाही. ते काम आपल्यासारख्या उपटसुंभांकडे आलं.

बॉम्बे आर्ट सोसायटीचे जुने कॅटलॉग चाळताना ‘नाखमान’ आणि ‘आचार्य’ दोन्हीखाली बघा. फार हाती लागत नाही. नुसतं ‘पोर्ट्रेट’ एवढंच शीर्षक, त्यावरून चित्र ओळखायचं कसं? लिलावांच्या याद्यांवरही माझा भरवसा नाही. इथे ती लोकांची पोर्ट्रेट करायची, म्हणजे चित्रं असतील ती दिवाणखान्यांत, कुणाच्या तरी पणजीच्या नावाने. दुसरा धागा हिल्डे होल्गरचा: व्हिएन्नाहून पळून आलेली ही ज्यू नर्तिका १९४८पर्यंत मुंबईत नृत्य शिकवायची आणि मॅग्डाची तिच्याशी ओळख होती. तिच्या विद्यार्थिनींच्या घरच्यांना विचारायला सुरुवात केलीय.

पेस्टल सापडलं तर एवढं पाळा: कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे द्यायचं नाही. रंगाची भुकटी काचेला चिकटलेली असते, काच उचलताना चेहराच निघून यायचा.

आजींची अट आहे की चित्र घराबाहेर जाणार नाही. म्हणून घरी येऊन फ्रेम उघडून देणारा, कागदावरच्या चित्रांचा संवर्धक हवाय. कोणी माहितीत असेल तर कळवा.